बसम्माच्या स्थळाची चौकशी

मंठाळ, ता. बसवकल्याण
मार्गशीर्ष वद्य पंचमी

तीर्थस्वरूप अमृतप्पा दाजी यांच्या चरणी,

आपला मेहुणा सिद्धेश्वर याचे शरणु शरणार्थी. आणि मठाच्या पाठशाळेत बारा वर्षं घोकलेलं अगदीच वाया जाऊ नये म्हणून वर एक साष्टांग दंडवत. दोन्हींपैकी जो पटेल तो घ्यावा, उरलेला अक्काला द्यावा. उजव्या डोळ्याची पट्टी सुटली का? मोतीबिंदू काढल्यावर महिनाभर वाचन वर्ज्य असतं, तेव्हा हे पत्र अक्काच आपल्याला वाचून दाखवत असणार. तिच्या सोयीसाठी मधूनमधून कंसात सूचना दिल्या आहेत. (अक्का, कंसातलं मोठ्यानं वाचायचं नसतं. हेही नाही.) इकडे आम्ही सर्व खुशाल. माझा गुडघा पायरी चढताना बोलतो आणि उतरताना गप्प असतो. आमच्या सौ. रुद्रम्माचं उलट आहे, ती दोन्ही वेळा बोलते.

फोनवर दोन मिनिटांत झालं असतं, हे मला कळतं. पण सोयरिकीच्या बाबतीत आपलं सूत्र मला पाठ आहे: "तोंडी बोललेलं वारा नेतो, फोनवरचं रेंज नेते. कागदावर पाहिजे, खाली सही पाहिजे. एकदा लिहिलं की अमृतप्पा फिरत न्हाई." पाणिनीलासुद्धा ज्यावर भाष्याची गरज वाटली नसती, इतकं स्वच्छ सूत्र. म्हणून हे पत्र.

आपलं पत्र मागच्या पंधरवड्यात मिळालं. मंठाळच्या महिला गटाच्या कडक भाकरीचं एक पाकीट उदगीरला आपल्या घरी आलं, त्यावर "हातची: बसम्मा" असं छापलेलं होतं, आपण त्यातल्या तीन भाकरी खाल्ल्या (अक्का म्हणते सात) आणि त्याच ताटावर निश्चय केला की आपल्या बसवप्रभुसाठी हीच मुलगी करायची, असा त्याचा सारांश. "ज्या हातची ही भाकरी, त्या हाताला माझा होकार समजावा. हुंडा नको, मानपान नको," असं आपण लिहिता, आणि खाली आपली कन्नड सही, नेहमीच्या लांब शेपटीसकट. पुढे मुलीविषयी पाच अपेक्षा. आणि शेवटी मला आज्ञा, की बसम्माची गुपचूप चौकशी करावी. बसवाला मात्र काही कळू देऊ नये, त्याच्या अभ्यासात विघ्न नको. आपल्या एकुलत्या एका मुलानं अडत दुकानाच्या गादीवर बसायला नकार दिला, म्हणून आपण त्याला आठ महिन्यांपूर्वी सरकारी कारकुनाच्या परीक्षेची तयारी करायला माझ्याकडे धाडलंत. त्या अभ्यासाला विघ्न नको, हे मलाही मान्य आहे. विघ्न यायला आधी अभ्यास असावा लागतो, एवढंच.

चौकशी पूर्ण झाली आहे. पण ती सांगण्याआधी मी लिंगसमानतेचा शिक्षक कसा झालो ते सांगणं भाग आहे, कारण एक दुसऱ्याच्या पोटात आहे.

मी ज्या शाळेत शिकवतो तिथं आषाढात वरून एक परिपत्रक आलं: मुलांना लिंगसमानतेचं शिक्षण द्यावं आणि त्यासाठी एक शिक्षक नेमावा. गणिताच्या मास्तरांचा पोर्शन राहिला होता. विज्ञानाच्या बाईंना प्रयोगशाळेची किल्ली सापडत नव्हती (ती गेल्या वर्षीपासून सापडत नाही). कन्नडच्या बाईंनी स्पष्टच सांगितलं की बायका हेच जन्मभर शिकवत आल्या, कोणी शिकलं नाही, आता एखाद्या पुरुषाच्या तोंडून ऐकू दे. मग सगळ्यांचे डोळे संस्कृतकडे वळले. माझ्या वर्गात सात मुलं, त्यातलं एक झोपायला येतं. अशा रीतीनं समानता माझ्या गळ्यात पडली. बिदरला दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. समानतेवर भाषणं करायला सहा पुरुष होते, आणि त्या सहांना वाढायला, त्यांची ताटं उचलायला सहा बायका. संख्या समान होती, तेव्हा तक्रारीला जागा नव्हती.

तिथून मी एक चोवीस तासांचा तक्ता घेऊन आलो. घरातला कोण कोणत्या तासाला काय करतो, ते मुलांनी भरून आणायचं. एका मुलानं वडिलांच्या रकान्यात सकाळपासून संध्याकाळपर्यंत "बसलेले" असं लिहून आणलं, दुपारी एक ते तीन फक्त "आडवे". शिक्षकानं आधी आपला तक्ता भरावा अशी सूचना होती. मी प्रामाणिकपणे सुरुवात केली: सकाळी सहा, चहा घेणे. रुद्रम्मानं खांद्यावरून वाचलं आणि विचारलं, "घेणे हे काम हाय व्हय? मग देणे कुठं लिहिलंय?" मी तक्ता घडी करून शब्दकोशात ठेवला. तो अजून तिथंच आहे.

आता चौकशीकडे येतो. तक्त्यानंतरचा उपक्रम असा होता की मुलग्यांनी घरातलं एक काम हातानं शिकावं. मी भाकरी निवडली. ज्वारी घरोघरी आहे, आणि सरकारकडे काही मागावं लागत नाही. शिकवायला मात्र जाणकार हवा. म्हणून मी भागाबाईंकडे गेलो. भागाबाई म्हणजे ह्या भाकरी गटाच्या अध्यक्षा, वय पंचावन्न, बसस्टँडमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये चौदा बायकांना घेऊन पहाटे चारपासून भाकरी थापतात. मी म्हटलं, मुलांना शिकवायला एखादी बाई पाठवा. त्या म्हणाल्या, "बाईच कामून पाहिजे, मास्तर? समानता शिकवायलाव न्हवं? पण असू द्या, बसम्माला धाडते. तिच्यावानी पातळ थापणारं तालुक्यात न्हाई." एवढं बोलून त्या पदर तोंडात धरून बराच वेळ हसल्या. मला वाटलं, माझ्या धोतराला हसल्या असतील.

दाजी, माझ्या खिशात त्या वेळी आपलंच पत्र होतं! आंब्याला पाणी घालावं आणि त्याच धारेत पितरांना तर्पण व्हावं, असा एक न्याय आमच्या शास्त्रात आहे. मुलांना भाकरी आणि उदगीरला सून, एकाच तासात. मी ठेवणीतलं उपरणं काढलं. मुलगी बायकांच्या नजरेनं पाहिलेली बरी म्हणून रुद्रम्मालाही बरोबर चल म्हटलं. ती लगेच तयार झाली, सुनेसाठी नव्हे. अख्ख्या शाळेतले एक्केचाळीस मुलगे पिठात हात घालणार, हे तिला चुकवायचं नव्हतं.

पटांगणात चुली पेटल्या. मुलं ओळीनं बसली. भागाबाई फाटकातून आल्या आणि मागं वळून म्हणाल्या, "ये गं बसम्मा, लाजू नको."

(अक्का, इथं थांब. दाजींना टेकून बसव. हातातला अडकित्ता काढून घे.)

बसम्मा फाटकातून वाकून आत आली. वाकून, कारण उंची पाच फूट अकरा इंच. लुंगी गुडघ्यापर्यंत खोचलेली, हात कोपरापर्यंत पिठानं पांढरे, आणि वरच्या ओठावर, तटस्थपणे पाहिलं तर, मिशी. मिशी ओळखीची होती. आपल्या घराण्यात ती तीन पिढ्या चालत आली आहे. बसम्मानं मला पाहिलं, काठवट छातीशी धरली आणि म्हणाली, "मामा."

रुद्रम्मा माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "पोरगी पसंत हाय मला. गोत्र तेवढं विचारा."

उगाच कोडं घालत नाही, दाजी. बसम्मा म्हणजे आपला बसवप्रभु. दुसरी कोणी नाही, कधी नव्हती. मंठाळमध्ये बसम्मा नावाच्या आणखी दोघी आहेत, पण एक ऐंशीची आणि दुसरी म्हैस.

आता आपण विचाराल, आठ महिने माझ्या घरात राहून मला कळलं कसं नाही? कळलं होतं, पण न्यायशास्त्राप्रमाणे कळलं. जिथं धूर तिथं अग्नी. मुलगा पहाटे चारला उठून बाहेर जातो, म्हणजे अभ्यासिकेत जातो. शर्टाच्या बाहीला पांढरी भुकटी असते, म्हणजे फळ्यावर गणितं सोडवतो. हाताला चटके आहेत, म्हणजे उजळणी करता करता चहा सांडतो. हे सगळं मी अक्काला फोनवर अभिमानानं सांगितलं आणि तीही "व्हय का गं बाई" म्हणत राहिली. रुद्रम्मानं ज्येष्ठातच एकदा म्हटलं होतं की खडूला ज्वारीचा वास येत नाही. पण ती तर्कशास्त्र शिकलेली नाही, म्हणून मी लक्ष दिलं नाही.

घडलं ते इतकंच. चैत्रात तो शेडवर भाकरी घ्यायला गेला. त्या दिवशी दोघी बायका आजारी होत्या, पीठ मळून पडलं होतं. हा सहज बसला आणि उठलाच नाही. शाळेतल्या प्रकारानंतर त्या संध्याकाळी मी त्याला फैलावर घेतलं, तेव्हा मान खाली घालून म्हणाला, "मामा, पुस्तक धरलं की हात रिकामे ऱ्हातेत अन् डोकं जड व्हतंय. तिथं हात भरलेले असतेत, डोकं हलकं. परीक्षा श्रावणातच दिली. नापास झालो. सांगू म्हनलं, पन तुम्ही लगीच संस्कृत बोलताव." तोंडाशी आलेलं सुभाषित मी तसंच शब्दकोशात ठेवलं, तक्त्याशेजारी.

नावाचा उलगडा भागाबाईंनी केला. पाकिटावर थापणारीचं नाव छापायची त्यांची पद्धत आहे, म्हणजे तक्रार आली की कान धरता येतो. गट महिलांचा. "पाकिटावर बसवप्रभु छापलं तर गिऱ्हाईक म्हनंल, गडी आला अन् बायकांचं नाव गेलं. असंच झालंय आजवर." म्हणून त्याची बसम्मा झाली. तो गटाचा सभासद नाही, नुसता कामाला आहे. सभासद करा म्हणून त्यानं अर्ज दिला होता. चौदाजणी त्यावर दोन तास भांडल्या. शेवटी ठरलं की त्यांना गटात येताना नवऱ्याची संमती आणावी लागली होती, तेव्हा ह्यानंही लग्न करावं आणि बायकोची संमती आणावी. तोवर बाहेर.

(अक्का, दाजी उठून उभे राहिले असतील तर त्यांना सांग की पाच अपेक्षांचं उत्तर अजून यायचंय.)

कारण आपण चौकशी सांगितलीत आणि मी ती टाळणार नाही. पहाटे उठणारी असावी, असं आपण लिहिलंत: चारला, गजर न लावता. भाकरी पातळ असावी: भाकरीआडून रुद्रम्मानं वर्तमानपत्रातला मथळा वाचून दाखवला, फक्त तारीख चुकली. उलट बोलणारी नसावी: शेडमध्ये चौदा बायका एकदम बोलतात, बसम्माला तोंड उघडायला जागा नाही. बाहेर नोकरी करायचा हट्ट नसावा, घरातल्या कामात रमावी: दुकान नको, नोकरी नको, ह्याच हट्टापायी तर आपण उभयता पिता-पुत्र दोन वर्षं भांडलात. आणि सारखं माहेरी पळणारी नसावी: आठ महिन्यांत उदगीरला दोनदा आली, तीही आपल्या डोळ्याच्या ऑपरेशनला आणि बैलपोळ्याला. इतकी गुणी मुलगी मी पाहिली नाही. स्थळ नाकारावं लागतंय ते केवळ सगोत्र असल्यामुळे.

शाळेतल्या तासाचंही सांगून टाकतो. एका मुलानं काठवट फोडली. दुसऱ्यानं विचारलं, याला मार्क आहेत का. नाहीत म्हटल्यावर दहाजण पाणी प्यायला गेले. पण आपला बसव प्रत्येकाशेजारी उकिडवा बसून सांगत होता, "पाणी कमी. आनखी कमी. घरी जाऊन बहिणीला इचार, ती पाचवीपासून करायलीय." त्या बसलेल्या-आडव्या बापाच्या मुलाची भाकरी टम्म फुगली, तर ते पोर ती हातात घेऊन पटांगणभर पळालं. घरी नेईपर्यंत कोणाला हात लावू दिला नाही. मी सतरा वर्षं शिकवतोय, दाजी. रामशब्द घेऊन कोणी घरी पळालेलं मला आठवत नाही.

आता सगोत्राहून मोठी अडचण. बसम्माला आधीच मागणी आली आहे.

मुलगी कमठाण्याची, नाव शैलश्री, आपल्यातलीच. वीज खात्यात लाईनमन आहे. (सरकारी कागदावर पॉवरमन. ह्या "मन"चं काय करायचं, ह्याचं परिपत्रक अजून आलेलं नाही.) कमरेला पट्टा, खिशात पक्कड, पायात बूट, आणि खांबावर अशी चढते की खालचे म्हातारे टोप्या धरून वर बघतात. भादव्यातल्या वादळात शेडची तार तुटली, ती जोडायला आली, बसम्माची भाकरी खाल्ली, आणि त्यानंतर त्या शेडची तार दर आठवड्याला तपासावी लागते. मागच्या रविवारी ती वडिलांना घेऊन बसव पाहायला आमच्या घरी आली. पाहायला येणारे ओसरीवर आणि दाखवायचं माणूस आत, ही रीत रुद्रम्मानं मोडू दिली नाही. बसव सुशीला, म्हणजे आपले फोडणीचे चुरमुरे, ताटात घेऊन बाहेर आला. चौकटीला डोकं आपटलं आणि निम्मे चुरमुरे माझ्या उपरण्यात. शैलश्रीनं मोजून तीन प्रश्न विचारले.

"रातच्याला लाईन गेली तर मला जावं लागतंय. तुम्ही काय करणार?"

"कडी लावून झोपनार. चारला उठतोच, तवा कडी काढनार."

"लेकरू झालं तर?"

"काठवटीच्या ह्या अंगाला पीठ, त्या अंगाला पाळणा."

"तुमच्या अप्पाला चालंल?"

ह्या प्रश्नाला मात्र आपला मुलगा खाली वाकला. चुरमुरे वेचत बसला. तेव्हा ती म्हणाली, "हे बघा, मी लाईन क्लियर घेतल्याबिगर कुठल्या खांबाला हात लावत न्हाई. वरून करंट बंद केलाय असं सांगून, नंबर देतेत, मी लिहून घेते, मगच चढते. अंदाजानं चढलेले दोघं मी खाली काढलेत. तुमच्या अप्पाचा होकार पाहिजे. अन् लेखी पाहिजे." दाजी, ही मुलगी आपल्याला कधी भेटलेली नाही, पण सूत्र मात्र आपलंच बोलली. तिचे वडील सुशीला संपवून उठले आणि दोघं मोटरसायकलवरून गेली. ती चालवत होती.

त्या दिवसापासून बसवच्या भाकरीत फरक पडला आहे. काळजीनं जाड व्हायला लागली. बुधवारी भागाबाईंनी एक उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाल्या, "मास्तर, हे पोरगं असंच झुरत राहिलं तर गुरुवारपतुर धपाटं थापंल." बिदरच्या एका दुकानानं पाकीट परतही पाठवलं. गटात आता चौदाजणी आपल्या होकाराची वाट बघत आहेत, बाजारपेठेच्या काळजीनं.

मी सल्ला देत नाही. मौनं सर्वार्थसाधनम्, असं म्हणून मी गप्प बसतो, ज्यासाठी मला फक्त ही इतकी पानं लागली. अक्काला नमस्कार. डोळ्यात थेंब वेळेवर घालावेत आणि ते घालताना डोळा मिटू नये, अशी आपल्या धाकट्या मेहुण्याची नम्र विनंती.

आपला,
सिद्धेश्वर

ता.क. १: लिहायचं राहिलं ते असं की येत्या शुक्रवारी शैलश्रीची सुट्टी आहे, आपण उभयतांनी यावं. बसण्याची व्यवस्था आधीच सांगतो, म्हणजे गैरसमज नको: मुलाकडचे आत, चुलीजवळ. दोघं लग्नानंतर मंठाळलाच राहतील, कारण तिची नेमणूक इथली. माझी मुख्य विनंती हीच आहे की आपण त्यांना उदगीरला नेण्याचा आग्रह धरू नये. यात समानतेचा भाग थोडा आहे. बाकीचा भाग असा की गुपित फुटल्या दिवसापासून आमच्या घरात संध्याकाळची भाकरी बसव करतो, आणि रुद्रम्मानं गटाची सभासद झाल्याचं परवा जाहीर केलं आहे. तो गेला तर काठवट माझ्यापुढे येते. पटांगणात फुटली ती माझ्याच हातची होती, मुलाचं नाव उगाच घेतलं.

ता.क. २: (अक्का, हे संपूर्ण कंसात आहे. मंठाळची भाकरी उदगीरच्या एकाही दुकानात मिळत नाही, भागाबाईंनी सांगितलं. ती दर गुरुवारी बसच्या कंडक्टरबरोबर एका बाईसाठी जाते, आणि त्या बाईचं नाव पावतीवर माझ्या बहिणीसारखं दिसतं. पाच अपेक्षा दाजींनी सांगितल्या असतील, पण लिहिल्या तू, आणि "बाहेर नोकरीचा हट्ट नसावा" इथं पेनाचं टोक कागदातून आरपार गेलंय. मास्तरकीच्या ट्रेनिंगला तुझा नंबर लागला होता, ते मला आठवतं. ते सोडवून तुझं लग्न ठरवलं, तेव्हा तुझा होकार कोणी तोंडीसुद्धा विचारला नव्हता, आणि मी शेजारीच लाडू खात उभा होतो. बाकी काही नाही. आता पुढचं मोठ्यानं वाच.)

ता.क. ३: दाजी, उत्तराची घाई नाही. खरं म्हणजे उत्तराची गरजही नाही. आपलं पत्र, "ज्या हातची ही भाकरी, त्या हाताला माझा होकार समजावा" हे, सहीसकट, मी काल शैलश्रीला दाखवलं. तिनं दोनदा वाचलं, सहीची शेपटी बोटानं शेवटपर्यंत पाहिली, कागदाची घडी केली आणि पक्कडीच्या खिशात ठेवली. मी म्हटलं, ते परत पाहिजे, दाजी मागतील. तर म्हणाली, "नंबर मिळाल्यावर परत देत नसतेत, मामा. लाईन क्लियर हाय." आज सकाळची भाकरी मी स्वतः उजेडासमोर धरून पाहिली. ह्या वेळी तारीखसुद्धा वाचता आली.

(अक्का, आता पाणी दे. दोन तांबे.)